उजवा रकाना

मिस ऑर्लीना स्टिडम यांनी आपली गोळ्यांची बाटली व्हॅनमधल्या माणसाच्या हातात दिली, तेव्हा मी दुसऱ्याच कोणाच्या तरी रक्तदाबाच्या गोळ्या मोजत होते. पाच-पाचच्या गटानं. पंचावन्नला पोचले होते. नंतर मला सगळ्या परत ओतून पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

त्या बाटलीत ऑक्सिकोडोनच्या, म्हणजे नशेसाठीही विकल्या जाणाऱ्या कडक वेदनाशामकाच्या, चौऱ्याऐंशी गोळ्या होत्या. दिवसाला तीन, अठ्ठावीस दिवस. चारच मिनिटांपूर्वी मी त्या दोनदा मोजल्या होत्या आणि आमचे फार्मसिस्ट आर्लिस कोम्ब्ज यांनी तिसऱ्यांदा. मिस ऑर्लीनांनी काठी काउंटरला टेकवून वाकड्या बोटांनी सही केली होती. "शेल्बी, तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे," म्हणाल्या होत्या. मग काचेच्या दारातून बाहेर, उतारावरून सावकाश, तपकिरी व्हॅनपर्यंत. व्हॅनची काच खाली झाली. एक हात बाहेर आला. बाटली त्या हातात गेली. माणसानं झाकण उघडून आत पाहिलं, झाकण लावलं आणि बाटली आपल्या बाजूला कुठेतरी ठेवून दिली. परत केली नाही.

मिस ऑर्लीनांनी मला शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. प्रयोगवहीच्या प्रत्येक पानाच्या मधोमध त्या आम्हाला पट्टीनं रेघ मारायला लावत. डाव्या रकान्यात दिसलं ते लिहायचं, उजव्यात त्यावरून वाटलं ते. द्रावण निळं झालं, हे डावीकडे. तांबं असावं, हे उजवीकडे. ज्यानं डावीकडे 'तांबं' लिहिलं त्याला अख्खं पान पुन्हा लिहावं लागे. त्यांच्यामुळे मी विद्यापीठात तोच विषय घेतला, पदवी घेतली आणि आई एकटी म्हणून गावात परत येऊन या औषधांच्या दुकानात सहायक झाले.

"पाहिलंत?" मी आर्लिसना विचारलं.

"पाहिलं." ते जाड काचेमागून बाहेरच बघत होते. ती काच दोन हजार अकरात बसवली, एकानं त्यांच्या कपाळावर पिस्तूल टेकवल्यानंतर. "तो कोण माहितीय?"

"नाही."

"एस्टिल नेपियर. टेकडीपलीकडचा. गोळ्या विकताना धरला होता. तीन वर्षं आत काढली. आता म्हणे त्याला येशू भेटलाय, छोटंसं चर्च चालवतो."

"मग खरंच भेटला असेल."

"इथे सगळ्यांनाच भेटतो, पोरी. तुरुंगात तर रांग असते."

"मी जाऊन विचारू मिस ऑर्लीनांना?"

"काय विचारशील? मिस, तुम्ही गोळ्या विकता का?" आर्लिस माझ्याकडे वळले. "विचारलं की गोष्ट ऐकायला मिळते. आपल्या खोऱ्यात गोष्ट सगळ्यांचीच चांगली असते. म्हणून इथे आपण विचारत नाही. बघतो."

हा आमच्या दुकानाचा रिवाज होता आणि तो कुठून आला हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एक आजीबाई होत्या. दर महिन्याला स्वतः भाजलेला केक घेऊन यायच्या, कंबरदुखीनं रडायच्या, आणि आर्लिस दोन वर्षं त्यांच्या गोळ्या भरून देत राहिले. त्या गोळ्या शेवटी शाळेतल्या दोन मुलांच्या पोटात सापडल्या. आर्लिस दोन्ही अंत्ययात्रांना गेले. त्यानंतर त्यांनी केक खाल्लेला मी पाहिलेला नाही, स्वतःच्या वाढदिवसालाही नाही.

माझ्याही शेवटच्या वर्गात आम्ही एकतीस जण होतो. आता सव्वीस आहोत. म्हणून मला आर्लिसचं पटलं.

तरीही धक्का ओसरेना. मिस ऑर्लीनांना त्या गोळ्या कशासाठी लागतात हे दुकानात मला सगळ्यांत नीट माहीत होतं, कारण त्यांची फाइल मीच लावली होती. वीस वर्षांचा संधिवात, हातापायांची बोटं वाकलेली, वर पाठीचे दोन मणके बसलेले. गोळी घेतली की त्या काठी धरून चालत, स्वतःचा स्वयंपाक करत, स्वतःच्या घरात एकट्या राहत. नाही घेतली तर पलंगावरून खाली पायही टाकू शकत नसत. त्या तीन गोळ्या म्हणजे त्यांचं चालणं होतं. मग त्यांनी सगळी बाटली देऊन कशी टाकली? एकच उत्तर दिसत होतं. त्यांना गोळ्या लागतच नाहीत. ती काठी, ती सही करताना थरथरणारी बोटं, सगळं नाटक.

शाळेतली बाई.

अठ्ठावीस दिवसांची फेरी असली की वार बदलत नाही. मिस ऑर्लीनांचा वार मंगळवार होता. मी मागच्या फेरीच्या मंगळवारचं कॅमेऱ्याचं चित्रण काढलं. तपकिरी व्हॅन त्या दिवशी दोनदा आली होती, सकाळी आणि दुपारी. मिळून सात माणसं उतरली. सगळी पासष्टीच्या पुढची, सगळी एकाच क्लिनिकची, सगळ्यांच्या चिठ्ठीवर तेच औषध. आणि सातही जणांनी परत जाताना बाटली खिडकीतून आत दिली होती.

मी तीन फेऱ्या पाहिल्या. तारीख, वेळ, नाव, किती गोळ्या, बाटली कोणाला दिली. एकवीस ओळींचा तक्ता झाला. एकवीसमध्ये एकही अपवाद नव्हता. अपवाद नसलेला तक्ता पाहिला की माणसाला काय वाटतं हे मी खरं सांगते: मला आनंद झाला. महाविद्यालयात दोन वर्षं प्रयोगशाळेत घालवून मला इतका स्वच्छ निकाल कधी मिळाला नव्हता.

तिसऱ्या फेरीला मिस ऑर्लीना काउंटरवर आल्या तेव्हा मी मान वर केली नाही.

"त्या झाकणाचं काहीतरी करा ना," त्या म्हणाल्या. "दाबा आणि फिरवा, दाबा आणि फिरवा. पोरांना उघडू नये म्हणून केलंय म्हणे. पोरं दोन सेकंदांत उघडतात. मलाच उघडत नाही."

"या गोळ्यांना साधं झाकण देत नाही आम्ही, मिस. दुकानाचा नियम आहे."

"असेल." त्या सही करून थांबल्या. "शेल्बी, काही विचारायचंय का तुला? वर्गात सगळ्यांच्या आधी तुझा हात वर असायचा."

"नाही, मिस."

त्या आणखी थोडं थांबल्या. मी लेबलं चिकटवत राहिले. मग काठीचा आवाज दारापर्यंत गेला.

त्याच संध्याकाळी मी अहवाल टाइप केला, एक पान आणि मागे तक्ता. पहिलं वाक्य असं होतं: 'एस्टिल नेपियर हा सात रुग्णांकडून नियंत्रित औषध गोळा करून त्याची विक्री करत आहे.' आर्लिसनी वाचलं, सही केली, क्लिनिकला पाठवलं आणि राज्याच्या औषध निरीक्षकांना फोन लावला.

"चांगलं काम केलंस," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र कुणाच्या तरी अंत्ययात्रेहून आल्यासारखा होता.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी चर्चवर धाड पडली. फेरीचा अकरावा दिवस होता. दुपारी तीन वाजता निरीक्षक हॅडिक्स बाई आमच्या दुकानात आल्या, मागून शेरीफचा एक डेप्युटी मोठं खोकं घेऊन. हॅडिक्स बाई पूर्वी स्वतः फार्मसिस्ट होत्या. चष्मा कपाळावर, तोंडात पुदिन्याची गोळी.

"मोजायचा ट्रे आणि दोन माणसं हवीत," त्या म्हणाल्या. "शेरीफच्या कचेरीत गोळ्या जेवणाच्या टेबलावर मोजतात, तिथे केचपचे डाग असतात. कोर्टात वकील मला सोलून काढेल."

खोक्यात सात डबे होते. मासे पकडणारे लोक गळ ठेवतात तसले, हिरव्या प्लास्टिकचे, प्रत्येकाला छोटं कुलूप. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव.

"इतकेच?" आर्लिसनी विचारलं.

"इतकंच होतं. लोखंडी कपाट, त्यात हे सात आणि एक वही. रोकड नाही, पुड्या नाहीत, वजनकाटा नाही." त्यांनी पुदिन्याची गोळी गालात फिरवली. "मोजा."

पहिला डबा मिस ऑर्लीनांचा आला. आत आमचीच बाटली, आमचं लेबल, माझं कोंबडीच्या पायासारखं अक्षर. मी गोळ्या ट्रेवर ओतल्या. मनात आकडा आधीच ठरला होता: वीस, फार तर तीस असतील, बाकीच्या विकल्या गेल्या असणार. पट्टीनं पाच-पाच सरकवायला लागले.

एक्कावन्न.

मी पुन्हा मोजल्या. एक्कावन्न. अकरा दिवस, रोज तीन, म्हणजे तेहतीस. चौऱ्याऐंशीतून तेहतीस गेले की एक्कावन्न.

"किती?" हॅडिक्स बाईंनी विचारलं.

"एक्कावन्न."

"असायला किती हव्यात?"

मी आर्लिसकडे पाहिलं. ते म्हणाले, "एक्कावन्न."

दुसरा डबा हॉबर्ट इव्हर्सोल यांचा होता. खाणीत छत कोसळून कंबर मोडलेला म्हातारा, दिवसाला चार गोळ्या. एकशे बारातून चव्वेचाळीस गेले की अडुसष्ट. ट्रेवर अडुसष्ट होत्या. तिसरा डबा जुळला. चौथा जुळला. पाचव्यात चौतीस हव्या होत्या आणि निघाल्या अडतीस. माझा जीव चक्क भांड्यात पडला. सापडली चूक! मग कळलं की गोळ्या कमी नाहीत, चार जास्त आहेत. विकणाऱ्याकडे गोळ्या वाढत नाहीत.

"वहीत बघा," हॅडिक्स बाई म्हणाल्या.

मी वही उघडली.

प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीनं मारलेली रेघ होती. डावीकडे तारीख, नाव, दिलेल्या गोळ्या, घेणाऱ्याची सही. उजवीकडे शेरे. पाचव्या डब्याच्या नावापुढे दोन दिवस डावीकडे लिहिलं होतं: 'दिली नाही. इस्पितळात होत्या.' दोन दिवस, रोज दोन. त्या चार गोळ्या. हॉबर्टच्या नावापुढे उजवीकडे होतं: 'दिवसा झोप फार येते. बहुतेक औषध जास्त होतंय. डॉक्टरांना विचारावं असं वाटतं.' अक्षर एस्टिलचं असावं, मोठं, शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाचं. पण ती रेघ कोणी शिकवली हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मिस ऑर्लीनांची सही सकाळची ताजी होती, थरथरत गेलेली.

सहावा डबा जुळला. सातवा जुळला.

"बावीस वर्षं मी दुकानं तपासतेय," हॅडिक्स बाई म्हणाल्या. "तुमच्यासकट. एखाद-दुसरी गोळी इकडेतिकडे सगळीकडे असते. असा हिशोब मी पाहिलेला नाही."

"म्हणजे तो विकत नव्हता," मी म्हणाले.

"नव्हता."

"मग सोडाल त्याला?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "दुसऱ्यांच्या नावाच्या गोळ्या, त्याच्या कपाटात, त्याच्या किल्लीत, आणि आधी शिक्षा झालेली. कायद्याला एवढं पुरतं. माझ्या फॉर्मवर 'पण' लिहायला जागा नाही, बाई."

"आणि या गोळ्या? यातल्या एक्कावन्न मिस ऑर्लीनांच्या आहेत. त्यांना उद्या सकाळी लागतील."

"हा पुरावा आहे."

"नवीन चिठ्ठी..."

"क्लिनिकनं सातही जणांची नावं काढून टाकली. काल पत्रं गेली." त्या आर्लिसकडे वळल्या. "तुमच्या अहवालावरूनच."

आर्लिस स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत ते कामाच्या वेळात बसलेले मी पाहिले नव्हते.

शनिवारी मी मिस ऑर्लीनांकडे गेले नाही. दुकान होतं, असं मी आईला सांगितलं. खरं म्हणजे पाय उचलेना. रविवारी गेले. ओढ्याकाठचं पांढरं घर, दाराशी काठी उभी. दार रेनानं उघडलं.

रेना ही त्यांची मुलगी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी शाळेत असताना ती आईचं लग्नातलं चांदीचं सामान विकून गेली होती, नंतर गोळ्या, नंतर जे मिळेल ते. गावात ती दिसली की लोक गाडीला कुलूप आहे ना ते बघत. तिच्या हातात ओला टॉवेल होता.

"दुकानातली का तू?" ती म्हणाली. "शोधायला आलीस? शोध. काही नाहीये. मी आधीच शोधलं."

"मिस ऑर्लीना कशा आहेत?"

"दुसरा दिवस आहे. तूच बघ."

मी पुस्तकात वाचलं होतं: औषध एकदम बंद केलं की घाम, थंडी, उलट्या, हाडांत दुखणं. पुस्तकात आवाज नसतो. मिस ऑर्लीना कुशीवर वळायचा प्रयत्न करत होत्या आणि प्रत्येक वेळी दारात बोट चिरडल्यासारखा आवाज येत होता. चादर ओली होती. रेनानं सवयीच्या हातानं त्यांना अलगद वळवलं, कपाळ पुसलं, चमच्यानं मिठाचं पाणी पाजलं.

"इस्पितळात न्यायला हवं," मी म्हणाले.

"नेलं होतं काल. त्यांनी यादीत नाव बघितलं, 'क्लिनिकमधून काढलेली', आणि पाण्याची बाटली देऊन परत पाठवलं. एका नर्सनं मला ओळखलं. मग तर संपलंच." ती चमचा हलवत होती. "उद्या याहून वाईट असेल. मी हे अकरा वेळा केलंय. मला माहितीय कुठे काय दुखतं."

मिस ऑर्लीनांनी डोळे उघडले. "शेल्बी का?"

"हो, मिस. मी..." वाक्य ठरवून आले होते, ते आठवेना. "तो अहवाल मी लिहिला."

"तूच असणार. आर्लिसला तक्ते जमत नाहीत."

रेनाचा हात थांबला. मी तिला उगाच चोर समजत आले होते असं नाही, ती चोर होतीच. पण त्या खोलीत त्या क्षणी पलंगावरच्या बाईचं चालणं चोरून नेलेली मी होते.

"मिस, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?" त्या थांबत थांबत बोलत होत्या. "मी तुझ्यासमोर उभी राहून वाट बघितली. तू विचारलं असतंस तर मी खोटं बोलले नसते. आपणहून सांगितलं असतं तर तुला लिहावं लागलं असतं. आपली गोळी दुसऱ्याकडे ठेवायची नाही, हा नियम मलाही ठाऊक आहे."

"मग ठेवली का?"

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "घरात गोळ्या असल्या की रेना गोळ्यांना भेटायला येते. नसल्या की मला."

मला वाटलं रेना भडकेल. ती म्हणाली, "खरं बोलतेय ती," आणि टॉवेल पिळला.

"आम्हा सातही जणांच्या घरी कोणी ना कोणी रेना आहे," मिस ऑर्लीना म्हणाल्या. "हॉबर्टचा नातू आहे. दुसऱ्या कोणाचा जावई. बँकेच्या तिजोरीपर्यंत रोज कोण जाणार? एस्टिल रोज सकाळी दारात यायचा. मोजून द्यायचा, सही घ्यायचा."

"पण एस्टिलच का? त्याला तर..."

"चोराला कुलपं कळतात, शेल्बी." त्यांना हसू आलं असावं, पण ते अर्ध्यात दुखण्यात गेलं. "आता वाचून दाखव तू काय लिहिलंस ते."

फोनमध्ये प्रत होती. मी वाचली. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत. रेना दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"तारखा बरोबर आहेत," मिस ऑर्लीना म्हणाल्या. "वेळा बरोबर. बाटली खिडकीतून दिली, बरोबर. डावा रकाना चोख आहे. उजवा कुठे आहे?"

उजवा रकाना नव्हताच. 'विक्री करत आहे' हे पहिल्याच ओळीत होतं, तारखांच्या आणि वेळांच्या रांगेत, जसं काही तेही मी खिडकीतून पाहिलं होतं.

"पुन्हा लिही," त्या म्हणाल्या. "अख्खं पान."

मी त्याच दिवशी लिहिलं. मधोमध रेघ मारली. डावीकडे एकवीस ओळी, सात डब्यांची मोजणी, फरक शून्य. उजवीकडे: 'विक्री होत असावी असं मला वाटलं होतं. कोणालाही विचारलं नव्हतं. ते चूक होतं.' खाली सही. सोमवारी आर्लिसनी ते बराच वेळ वाचलं.

"हे पाठवलंस तर तू अर्ज करतेयस त्या फार्मसीच्या कॉलेजात तुझी शिफारस करताना मला हे सांगावं लागेल," ते म्हणाले. "ते विचारतात."

"विचारू देत."

त्यांनी पेन काढलं आणि माझ्या सहीखाली उजव्या रकान्यात लिहिलं: 'मलाही तसंच वाटलं होतं. विचारू नकोस असं मी सांगितलं होतं. आ. कोम्ब्ज.'

क्लिनिकनं उत्तर द्यायला सोळा दिवस घेतले. त्या सोळा दिवसांत मिस ऑर्लीनांचा घाम आणि उलट्या थांबल्या, पण चालणं गेलं. रेना त्यांना उचलून खुर्चीत ठेवायची. मी रोज दुकान संपल्यावर जायचे. रेना मला घेवडा आणि मक्याचा पाव वाढायची आणि म्हणायची, "मोजून खा." एस्टिल जामिनावर सुटला, त्याच्या जामिनाची अटच होती की सातांपैकी कोणाच्या दारात जायचं नाही. खटला अजून उभा आहे. मी साक्ष देणार आहे, पण वकील म्हणतो की साक्षीनं शिक्षा कमी होईल, टळणार नाही.

उत्तर आलं ते असं: मिस ऑर्लीनांना परत घेतलं जाईल. अट एकच. औषध रुग्णानं स्वतःच्या घरी, स्वतःच्या ताब्यात ठेवावं.

मला वाटलं आम्ही जिंकलो. मंगळवारी रेना त्यांना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली आणि स्वतः बाहेर गाडीत जाऊन बसली. मी चौऱ्याऐंशी गोळ्या मोजल्या, आर्लिसनी मोजल्या, पिशवी काउंटरवर ठेवली. मिस ऑर्लीनांनी पिशवीला हात लावला नाही.

"नेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या.

"मिस, या तुमच्या आहेत. आता सगळं नियमात आहे."

"ते कळलं मला. रेना सत्तावीस दिवस झाले माझ्याकडे आहे. बारा वर्षांत एवढी राहिलेली नाही." त्यांनी पिशवी दोन वाकड्या बोटांनी माझ्याकडे ढकलली. "चौऱ्याऐंशी घेऊन मी त्या गाडीत बसणार नाही."

त्यांचं सगळं अंग दुखत होतं, हे त्यांच्या ओठांभोवतीच्या पांढऱ्या कडेवरून दिसत होतं. औषध त्यांच्यापासून एक हात लांब होतं. आणि त्या ते परत देत होत्या.

"रेनाला माहितीय तुम्ही हे करताय?" मी विचारलं. मला वाटतं त्या काउंटरवर उभं राहून कोणा रुग्णाला विचारलेला तो माझा पहिला प्रश्न असावा.

"तिनंच सांगितलं. म्हणाली, आई, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

मी आत गेले आणि नियमांचं जाड पुस्तक काढलं. आर्लिस म्हणाले, "काय शोधतेस?" मी म्हणाले, "अजून माहीत नाही." चाळीस मिनिटं लागली. मिस ऑर्लीना खुर्चीत डोळे मिटून बसून होत्या. मग सापडलं: रुग्णानं स्वतः मागितलं तर या औषधाचा काही भागच द्यावा, उरलेला तीस दिवसांच्या आत टप्प्याटप्प्यानं देता येतो. टप्पा किती लहान असावा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"एक दिवसाचाही?" मी विचारलं.

आर्लिसनी तीनदा वाचलं. "रोज लेबल. रोज दोनदा मोजणी. रोज सही. राज्याच्या यादीत रोज नोंद. शनिवारी रविवारच्याही द्याव्या लागतील. विमा कंपनी शिव्या घालेल." त्यांनी पुस्तक मिटलं. "काढ बाटली."

मी ट्रेवर तीन गोळ्या ठेवल्या. इतक्या मोठ्या ट्रेवर तीनच. उरलेल्या एक्क्याऐंशी आमच्या तिजोरीत गेल्या, जाड काचेमागे, नावाची पट्टी लावून. म्हणजे एस्टिलच्या कपाटाचं काम आता आमचं दुकान करणार होतं, आणि त्यात कुणाचा गुन्हा नव्हता.

मिस ऑर्लीनांनी सही केली. मी खुर्ची दारापर्यंत ढकलली, पुढे रेना आली आणि तिनं त्यांना गाडीत बसवलं. मी आत येऊन पुढची चिठ्ठी घेतली.

आणि खिडकीतून दिसलं. मिस ऑर्लीनांनी पिशवीतून बाटली काढली आणि रेनाच्या हातात दिली.

रेनानं बाटली डोळ्यांसमोर धरली, हलवली. माझा हात आपोआप काउंटरवरच्या नोंदवहीकडे गेला. पेनचं टोपणही निघालं होतं. मी स्वतःचाच हात पाहिला आणि त्याची भीती वाटली.

पेन ठेवलं. काचेचं दार ढकलून उतारावरून गाडीपाशी गेले.

"काय करताय?" मी विचारलं.

रेना माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिला झाकण उघडत नाही. दाबा आणि फिरवा. ही झाकणं देव बनवतो का सैतान?" तिनं तळहातानं झाकण दाबून फिरवलं, एक गोळी आईच्या जिभेवर ठेवली, पाण्याची बाटली तोंडाला लावली. मिस ऑर्लीनांनी गिळलं आणि डोकं मागे टेकवलं. अर्धा तास लागतो. त्यांनी घड्याळ पाहिलं.

रेनानं उघडी बाटली माझ्यासमोर धरली. तिचा हात थरथरत होता. कशानं, ते मी सांगू शकत नाही.

"मोज," ती म्हणाली.

"नको."

"मोज ना. तुझं कामच आहे."

मी मोजल्या नाहीत असं लिहायला मला आवडलं असतं. पण माझी नजर तोवर मोजून मोकळी झाली होती. दोन.